दोन वेगळी तिकिटं, मधला देश आणि ट्रान्झिट व्हिसा: विमान आतल्या आत कसं बदलायचं

मुंबई–सिंगापूर एका कंपनीचं तिकीट स्वस्तात मिळतं, सिंगापूर–मेलबर्न दुसऱ्या कंपनीचं, आणि दोन्हींची बेरीज सलग तिकिटापेक्षा बरीच कमी येते. मग प्रश्न उरतो सिंगापूरच्या व्हिसाचा. ओळखीत विचारलं तर एक जण ठामपणे सांगतो, 'मी दोनदा गेलो, कुणी काही विचारलं नाही.' दुसरा तेवढ्याच ठामपणे सांगतो, 'मला मुंबईच्या काउंटरवरूनच घरी पाठवलं.' बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. पहिल्याकडे पाठीवरची एक बॅग होती आणि दुसऱ्याकडे तेवीस किलोची सूटकेस.

मधल्या देशाचा नियम काय आहे, हे बघायलाच हवं. पण तेवढ्याने उत्तर मिळत नाही. तुमचं सामान मधल्या विमानतळावर कुठे बाहेर येतं आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास तुमच्या हातात कुठे पडतो, यावर बाकीचं ठरतं. ही दोन्ही कामं इमिग्रेशनच्या अलीकडे, म्हणजे विमानतळाच्या आतल्या भागात उरकली तर तुम्ही फक्त विमान बदललं. त्यातलं एकही काम इमिग्रेशनच्या पलीकडे असेल, तर तुम्ही त्या देशात प्रवेश करता आहात आणि प्रवेशाला जे कागद लागतात ते सगळे लागणार. पुढचं सगळं भारतीय पासपोर्ट धरून लिहिलं आहे.

आधी बघा: तिकीट खरंच वेगळं आहे का

एकदाच पैसे भरले म्हणून तिकीट एक होत नाही. शोधाच्या साइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' किंवा 'वेगळी तिकिटं एकत्र बुक केली आहेत' असं बारीक अक्षरात दिसलं, तर ती दोन तिकिटंच आहेत. ई-तिकिटावर १३ अंकी क्रमांक असतो. दोन्ही उड्डाणं त्याच क्रमांकाखाली असतील तर प्रवास सलग आहे: बॅग शेवटपर्यंत जाते, दोन्ही बोर्डिंग पास बहुधा मुंबईतच मिळतात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम असतं.

वेगळ्या तिकिटांवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही सिंगापूरहून निघणारे प्रवासी आहात. वेळेत आला नाहीत तर 'नो-शो'. आणि त्याच तिकिटात परतीचं उड्डाण असेल तर तेही बहुतेक कंपन्या रद्द करतात, हे अनेकांना परत निघताना कळतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यासाठी शक्य असेल तिथे जाण्याचं आणि येण्याचं तिकीट सुटं घ्यावं. युरोपातला विमानप्रवाशांच्या भरपाईचा २६१/२००४ हा नियमही चुकलेल्या जोडणीसाठी एकाच बुकिंगला लागू होतो, सुट्या तिकिटांना नाही.

विमानतळाचा नकाशा

तिकीट घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा: कुठल्या विमानतळावर उतरायचं, कुठल्या टर्मिनलवर, आणि कुठून चढायचं, कुठल्या टर्मिनलवरून. शहराच्या नावावर जाऊ नका. इस्तंबूलचा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला आहे आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, टोकियोला नारिता आणि हानेदा, लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड. दुबईचं स्वस्त तिकीट म्हणून जे दिसतं ते कधी शारजाचं असतं. विमानतळ बदलला की त्या देशात पाय ठेवणं आलंच, तिथे आतल्या आत बदलण्याचा प्रश्नच संपतो.

एकाच विमानतळावरही टर्मिनलं आतून जोडलेली असतील असं नाही. सिंगापूरच्या चांगीला १, २ आणि ३ ही टर्मिनलं आतून गाडीने जोडलेली आहेत, ४ नंबरला आतून बस जाते. त्यामुळे तिथे टर्मिनल बदललं तरी इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. दोहाच्या हमद विमानतळाला एकच टर्मिनल आहे, अबू धाबीचा बहुतेक कारभार २०२३ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल ए मधून चालतो. दुबईत १ आणि ३ आतून जोडलेली आहेत, पण टर्मिनल २ धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे. तिथे ट्रान्झिट प्रवाशांसाठी बस असते खरी, पण तिच्यात बसायला पुढचा प्रवास व्यवस्थेत नोंदलेला असावा लागतो. क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि २ मध्ये जायला सुट्या तिकिटावर बाहेर पडूनच जावं लागतं, आणि स्वस्त विमानं २ वरून सुटतात. या एका कारणाने बऱ्याच लोकांचा बेत फसतो.

देशाचे नियम

अमेरिकेत आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. लॉस एंजेलिसला दोन तास थांबून मेक्सिकोला जायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे बी-१/बी-२ (व्यवसाय-पर्यटनाचा) किंवा सी-१ (ट्रान्झिटचा) व्हिसा हवा. कॅनडा विमानतळाबाहेर न पडणाऱ्या भारतीयाकडूनही ट्रान्झिट व्हिसा मागतं. त्याला शुल्क नाही, पण अर्ज आणि वेळ दोन्ही लागतात. ऑस्ट्रेलियाचंही तसंच आहे: उपवर्ग ७७१ चा ट्रान्झिट व्हिसा, शुल्क नाही, पण आधी घ्यायचा. हे तीन देश बिनव्हिसाच्या बेतातून सरळ वगळा.

युरोपचं प्रकरण सविस्तर बघण्यासारखं आहे. शेंगेन देशांची, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांची, एक सामाईक यादी आहे, त्या यादीतल्या देशांच्या नागरिकांना कुठल्याही शेंगेन विमानतळावर आतल्या आत बदलायलाही 'विमानतळ ट्रान्झिट व्हिसा' लागतो. भारत त्या यादीत नाही. पण प्रत्येक देशाला त्याशिवाय आपली वेगळी यादी ठेवता येते आणि जर्मनी-फ्रान्सने वर्षानुवर्षं भारताला आपापल्या वेगळ्या यादीत ठेवलं होतं. जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीने भारतीयांसाठी ही अट काढण्याची घोषणा केली. घोषणा आणि काउंटरवरच्या संगणकात तो बदल दिसणं यांत अंतर पडू शकतं, म्हणून बातमीवर तिकीट काढू नका. पुढे सांगितलेल्या पद्धतीने त्या दिवशीचा नियम बघा. ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा आहे, त्यांना या ट्रान्झिट व्हिसातून युरोपच्या नियमानेच सूट आहे, जर्मनीतही आणि फ्रान्समध्येही.

युरोपातला खरा सापळा वेगळाच आहे. मुंबई–पॅरिस, पॅरिस–फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क असा प्रवास जुळवला तर पॅरिस–फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या पोटातला प्रवास होतो. त्यासाठी पॅरिसलाच इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. ट्रान्झिट व्हिसा तिथे उपयोगाचा नाही आणि अमेरिकन व्हिसावरची सूटही नाही. शेंगेन प्रदेशात एकच विमानतळ, हे पाळायचंच.

ब्रिटनला आतल्या आत बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर सूट मिळते. बाहेर येऊन सामान घेऊन पुन्हा चढायचं असेल तर अटी जास्त कडक होतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री ११.५९ च्या आत निघावं लागतं. त्यातही शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. सुट्या तिकिटांवर सूटकेस घेऊन हीथ्रोमार्गे जाऊ नका, असंच मी सांगेन.

आपल्या सोयीचे विमानतळ म्हणजे दुबई, अबू धाबी, दोहा, सिंगापूर, हाँगकाँग, इस्तंबूल. इथे त्याच विमानतळावरून पुढे जाणाऱ्या आणि आतच थांबणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला भारतीयांसाठी प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आहे, पण आतून बदलणाऱ्याला तीही नको. चीन ५५ देशांच्या नागरिकांना २४० तासांची सवलत देतं, त्यात भारत नाही. तिथल्या जाहिराती वाचून गल्लत होते.

आणि काही देश असे आहेत जिथे आतल्या आत बदलण्याचा आटापिटा करायचीच गरज नाही, कारण भारतीयांना सरळ प्रवेश आहे. मलेशियाची व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. थायलंडही सवलत देतं, तिच्या मुदती बदलत राहतात. मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. कतार अटींवर प्रवेश देतं, हॉटेल बुकिंग ही त्यातली एक. तेवीस किलोची सूटकेस आणि दोन तिकिटं असा मामला असेल तर मधला मुक्काम याच देशांतून निवडावा.

सामान: व्हिसाचा निकाल इथे लागतो

पहिल्या कंपनीने बॅग शेवटच्या ठिकाणापर्यंत पाठवायला दोन कंपन्यांमध्ये इंटरलाइन करार असावा लागतो. करार असला तरी सुट्या तिकिटांवर बॅग पुढे पाठवायची की नाही, हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. स्वस्त विमानकंपन्या बहुधा नाहीच म्हणतात. म्हणून तिकीट काढण्याआधी पहिल्या कंपनीला लेखी विचारा, चॅटवर किंवा ईमेलवर. प्रश्न नेमका ठेवा: 'माझी दोन वेगळी तिकिटं आहेत, हे दोन पीएनआर. मुंबईत दिलेली बॅग तुम्ही मेलबर्नपर्यंत टॅग कराल का?' उत्तर हो आलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. 'काउंटरवर विचारा' असं उत्तर आलं तर ते नाही समजा.

होकार मिळाला तरी काउंटरवर बॅगेच्या मुठीला पट्टी लावली जाते तेव्हा ती स्वतः वाचा. सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेली तीन अक्षरं म्हणजे बॅग कुठे बाहेर येणार ते ठिकाण. मेलबर्नला जायचंय आणि मोठ्या अक्षरांत सिंगापूरचं एसआयएन असेल, तर बॅग चांगीच्या बेल्टवर फिरत राहील आणि तुम्ही आत अडकाल. बॅग सरकत्या पट्ट्यावरून आत जायच्या आधी बोला. ती गेली की मग काउंटरवरच्या माणसालाही फार काही करता येत नाही. बोर्डिंग पासाला चिकटवलेली छोटी पावती फोटो काढून ठेवा.

काही विमानतळांवर ट्रान्सफर डेस्कवरचे, म्हणजे विमान बदलणाऱ्यांसाठी आतच असलेल्या काउंटरवरचे लोक पावती बघून बॅग आतूनच मागवतात आणि नवी पट्टी लावतात. ते होतं, पण त्या भरवशावर बेत आखू नये. हक्क म्हणून मागता येईल अशी ती सोय नाही.

सर्वात सुरक्षित वाट म्हणजे चेक-इनचं सामानच नको. केबिन बॅग सहसा ७ किलोपर्यंत, आणि दोन कंपन्यांपैकी जिची मर्यादा कमी ती धरायची. मधल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि तिथे १०० मिलीचा नियम लागतो. आपल्याकडे ही अडचण खास आहे: लोणचं, साजूक तूप, ओली चटणी, गुळाचा पाक हे सगळं तपासणीत द्रव किंवा लिबलिबीत पदार्थांत मोजलं जातं. आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी चांगीच्या गेटवर काढून घेतात. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, भाकरवडी, चकली यांना अडचण येत नाही, मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करायचा. मुंबईच्या ड्युटी-फ्रीमधली बाटली सीलबंद पिशवीत आणि पावतीसकटच ठेवा.

बोर्डिंग पास: दुसरा निकाल

पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास मोबाइलवर आधीच आला तर उत्तम. पण भारतीय पासपोर्टवर बऱ्याचदा ऑनलाइन चेक-इन पूर्ण होतं आणि शेवटी सूचना येते: 'कागदपत्रं तपासण्यासाठी काउंटरवर या.' तो काउंटर इमिग्रेशनच्या बाहेर असेल तर सगळा बेत कोसळला. म्हणून दुसऱ्या कंपनीलाही लेखी विचारायचं: 'मी फक्त केबिन बॅग घेऊन आतून येतोय. तुमचा बोर्डिंग पास ट्रान्सफर डेस्कवर मिळेल का? डेस्क किती वाजता उघडतो?'

वेळेचा प्रश्न विचारायला विसरू नका. बऱ्याच स्वस्त कंपन्यांचे लोक उड्डाणाच्या साधारण तीन तास आधी येतात आणि एक तास आधी काम बंद करतात. सकाळी सहाला उतरलात आणि पुढचं विमान संध्याकाळी पाचचं असेल तर दुपारी दोनपर्यंत डेस्कवर कुणीच नसेल. घाबरून बाहेर जायच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, थांबायचं.

कंपनी 'आत सोय नाही' म्हणाली, तर त्या कंपनीचं तिकीट घेऊ नका. किंवा मधल्या देशात प्रवेशाची तयारी करूनच घ्या.

मुंबईचा काउंटर

मधल्या देशातल्या इमिग्रेशनची लोकांना धास्ती असते. प्रत्यक्षात अडवणूक होते ती सहारच्या टर्मिनल २ वर, पहिल्या चेक-इन काउंटरलाच. त्याला कारण आहे. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर विमानकंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्याच गळ्यात पडतो. म्हणून काउंटरवरची व्यक्ती 'टिमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यात बघते. आयाटा ही विमानकंपन्यांची जागतिक संघटना तो चालवते. त्यात तुमचं राष्ट्रीयत्व, कुठे जाणार, कुठून जाणार हे भरलं की नियम समोर येतो.

आता गंमत बघा: तिच्या समोरच्या तिकिटावर फक्त मुंबई–सिंगापूर आहे. म्हणून ती सिंगापूर हेच शेवटचं ठिकाण धरते आणि विचारते, 'सिंगापूरचा व्हिसा?' इथे वाद घालायचा नाही. शांतपणे सांगायचं, 'मॅडम, मी सिंगापूरमध्ये जात नाहीये, ट्रान्झिट आहे. हे पुढचं तिकीट, हा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा. चेक-इनचं सामान नाही.' मग ती ट्रान्झिटचा नियम उघडते. कधी सुपरवायझरला बोलावते. बोलावू द्या, ती आपलं काम नीट करते आहे.

तिला जे दिसतं ते तुम्हालाही आधी बघता येतं. आयाटा ट्रॅव्हल सेंटरच्या साइटवर आणि काही विमानकंपन्यांच्या साइटवर हीच माहिती मिळते. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा बघा. दोन शब्दांवर नजर ठेवा: 'कन्फर्म पुढचं तिकीट' आणि 'त्याच विमानतळावरून'. काही देशांच्या नियमात तासांची मर्यादा असते, तीही तिथेच लिहिलेली असते. आणि एक गोष्ट नियमात दिसत नाही: देशाची परवानगी असूनही काही कंपन्या सुट्या तिकिटांवरचा ट्रान्झिट प्रवासी आपल्या धोरणाने घेत नाहीत. म्हणूनच वरचा लेखी प्रश्न पहिल्या कंपनीला विचारायचा.

कागद छापील ठेवा. पुढच्या उड्डाणाचं कन्फर्म तिकीट, शेवटच्या देशाचा व्हिसा किंवा त्याचं मंजुरीपत्र, पासपोर्टची सहा महिन्यांहून जास्त मुदत, टिमॅटिकच्या पानाची प्रत आणि कंपनीच्या चॅटचा स्क्रीनशॉट. फोनची बॅटरी संपली, काउंटरवर वाय-फाय नाही, अशा वेळी कागद कामाला येतो. चेक-इन उघडताच पोहोचा, कारण सुपरवायझर यायला अर्धा तास लागला तरी तुमच्याकडे वेळ हवा. पुढे इमिग्रेशनचा अधिकारीही 'कुठे चाललात?' विचारेल. उत्तर द्यायचं 'मेलबर्न, सिंगापूरमार्गे'. 'सिंगापूर' एवढंच म्हटलं की प्रश्न वाढतात.

मध्ये किती वेळ ठेवायचा

विमानतळांची जी किमान जोडणी-वेळ छापलेली असते, ती सलग तिकिटासाठी. सुट्या तिकिटांवर मी फक्त केबिन बॅग असेल तर चार तासांच्या खाली जाणार नाही, आणि इमिग्रेशन ओलांडून सामान घ्यायचं असेल तर सहा. जून ते सप्टेंबर मुंबईचा पाऊस, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं. या दिवसांत त्याहून जास्त. पुढचं विमान त्या दिवसातलं शेवटचं नसावं, आणि आठवड्यातून तीनच दिवस उडणारं तर नसावंच.

तारखेचा घोळ फार जणांचा होतो. आपली बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला रात्री १२.४० चं विमान म्हणजे १४ ला रात्री घरातून निघायचं. पहिल्या तिकिटावर हे ध्यानात राहतं, दुसऱ्यावर राहत नाही, आणि दोन तिकिटं वेगळी असल्याने कुठलंच संगणक तुम्हाला चूक दाखवत नाही. दोन्ही तिकिटांच्या वेळा स्थानिक तारखांसकट एका कागदावर एकाखाली एक लिहा. पहिल्या कंपनीने मध्येच वेळ बदलली तर दुसरीला त्याचं देणंघेणं नाही, म्हणून दर आठवड्याला दोन्ही बुकिंग उघडून बघा.

दोन जुळवण्या

पहिली, मुंबई–सिंगापूर–मेलबर्न, केबिन बॅगवर. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा हातात. चांगीला उतरल्यावर 'आगमन' पाटीकडे वळायचं नाही, 'ट्रान्सफर' पाटी धरायची. पडद्यावर पुढच्या विमानाचं टर्मिनल आणि ट्रान्सफर डेस्क बघायचा, डेस्कवर पासपोर्ट, व्हिसाचं मंजुरीपत्र आणि तिकीट ठेवायचं, पास घ्यायचा. या मार्गाला एक आधार आहे: ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, जर्मनी, न्यूझीलंड किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला सिंगापूर ९६ तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सवलत देतं. परवानगी अधिकाऱ्याच्या हातात असते आणि पुढचं कन्फर्म तिकीट लागतं, पण बाहेर पडायची वेळ आलीच तर दार पूर्ण बंद नाही. त्यासाठी सिंगापूरचं आगमन कार्ड आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं.

दुसरी, मुंबई–क्वालालंपूर–बाली, सूटकेससकट. इथे आतल्या आत बदलायचा विचारच सोडा. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरा. टर्मिनल १ वर उतरून इमिग्रेशन करा, बेल्टवरून बॅग घ्या, कस्टम्समधून बाहेर या आणि टर्मिनल २ ची गाडी पकडा. प्रवास काही मिनिटांचा आहे. तिथे नव्याने चेक-इन आणि पुन्हा इमिग्रेशन. मुंबईच्या काउंटरवर मात्र 'मलेशियात प्रवेश करतोय, व्हिसामाफीवर' असंच सांगा आणि पुढचं तिकीट दाखवा. इथे 'ट्रान्झिट' शब्द वापरला तर उगाच गोंधळ होतो.

आफ्रिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलताना सामानासाठी बाहेर पडलात तर भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागितला जातो. पूर्ण वेळ विमानतळाच्या आत राहिलेल्या प्रवाशाला सूट मिळू शकते, बाहेर पडलेल्याला नाही. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी वैध होतो, त्यामुळे हे आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

कुणी करू नये

मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदा परदेशी निघालेल्या आईबाबांना सुट्या तिकिटांवर पाठवू नका. त्यांच्यासोबत दोन-दोन सूटकेसा असतात, व्हीलचेअर मागितलेली असते आणि ती एकाच कंपनीच्या हद्दीत चालते. मधल्या विमानतळावर कुणीतरी इंग्रजीत 'बाहेर जा आणि पुन्हा या' म्हणालं की त्यांनी काय करायचं? वाचलेले वीस-तीस हजार त्या माऊलीच्या घालमेलीपुढे काहीच नाहीत. लहान मूल घेऊन निघालेल्यांना, आणि ज्यांना ठरलेल्या दिवशी परीक्षेला किंवा नोकरीवर हजर व्हायचंय त्यांनाही हेच सांगेन.

पुढचं विमान चुकलंच तर

पहिलं विमान उशिरा सुटतंय हे मुंबईतच कळलं तर तिथूनच दुसऱ्या कंपनीला फोन करा. दुसरं विमान सुटायच्या आधी केलेला बदल आणि ते सुटल्यावर केलेला बदल यांच्या पैशांत मोठा फरक पडतो. पहिल्या कंपनीकडून उशिराचा लेखी दाखला मागून घ्या; प्रवास विम्यात 'मिस्ड कनेक्शन' असेल तर दाव्याला तो लागतो. विमा घेतानाच बघा की सुट्या तिकिटांना संरक्षण आहे का आणि मध्ये किमान किती तास असावेत अशी अट आहे. ती अट पाळलेली नसेल तर दावा फेटाळला जातो.

उतरल्यावर वेळ हुकली असेल तर गर्दीच्या मागोमाग इमिग्रेशनकडे जाऊ नका. व्हिसा नसताना त्या रांगेत शिरलात तर चौकशी होते आणि परत पाठवण्याची नोंद होऊ शकते. आतच राहा आणि ट्रान्सफर डेस्क गाठा. दुसऱ्या कंपनीचे लोक भेटले तर परिस्थिती सांगा. त्यांच्यावर बंधन नसतं, तरी कधी कधी थोड्या फरकाने पुढच्या विमानात बसवतात. नाहीच जमलं तर आतूनच मोबाइलवर नवं तिकीट काढा, पण पुन्हा तेच तपासून: त्याच विमानतळावरून, आतून पोहोचता येणारं टर्मिनल, आणि पास ट्रान्सफर डेस्कवर देणारी कंपनी.

रात्र काढायची वेळ आली तर दुबई, दोहा, सिंगापूर आणि इस्तंबूल या चारही विमानतळांवर इमिग्रेशनच्या आत हॉटेलं आहेत आणि त्यांना व्हिसा लागत नाही. क्वालालंपूरच्या टर्मिनल १ लाही आहे. खोल्या तासांवर मिळतात, पण लवकर भरतात. बुकिंग करताना हॉटेल इमिग्रेशनच्या आतलं आहे का बाहेरचं ते वाचून घ्या, कारण एकाच विमानतळावर दोन्ही प्रकारची असतात. औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड म्हणूनच केबिन बॅगेत हवा. परतीच्या तिकिटाचा पीएनआर उघडून ते उड्डाण अजून जिवंत आहे ना, तेही त्याच रात्री बघून टाका. रद्द झालेलं दिसलं तर लगेच कंपनीला लिहा, सुटायच्या दिवसापर्यंत थांबू नका.